जाळी पडली पाहिजे

ज्या वस्तूला भोकं नाहीत तिच्यावर माझ्या साडूंचा काडीचा विश्वास नव्हता. खाडीच्या अल्याड-पल्याड असा दुसरा नग मी पाहिलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. वाशीत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे आणि जेवायला बसले की पानातला घावन उचलून आधी खिडकीकडे धरायचे. उजेड आरपार आला तर घास तोंडात, नाहीतर घावन परत ताटात! दिवाळीच्या अनारशांची तपासणी तर भिंग लावून चालायची. माझ्या बायकोने खपून केलेल्या नारळाच्या वडीला ते एकदा "भरीव आहे" असं म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा पडला, जणू कुणी दगावलं होतं. ती बिचारी आठवडाभर धुसफुसत होती. पुतणीसाठी मुलगा बघून आले तेव्हा अक्कांनी दारातच विचारलं, "कसा वाटला?" तर म्हणाले, "भरीव." झालं, ते स्थळ तिथंच बारगळलं.

या वेडाचं मूळ ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात होतं. तिथं धातूची पूड साच्यात दाबून, भट्टीत भाजून पंख्यांची बुशं, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यांत फिरतो त्या छोट्या नळ्या, करत. बुशाला डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी भोकं असतात, त्यांत तेल मुरतं आणि पंखा कुरकुरत नाही. बाकीची मंडळी बुशं करून सुखाने घरी यायची. पण हे पडले आमचे साडू! यांच्या आईची मांडी मोडली होती, आत घातलेली सळई पुढे सैल झाली, आणि त्या माउलीने उरलेलं आयुष्य खाटेवर कण्हत काढलं. "गुळगुळीत सळई हो, साडू," ते मला म्हणायचे (आम्ही एकमेकांना साडूच म्हणायचो), "हाडानं धरायचं कशाला? त्याला आत शिरायला जागा नको?" ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टायटॅनियम आणि निकेल मिळून एक असा धातू होतो की गार असताना दाबला तर दबून राहतो आणि ऊब लागली की आपला मूळ आकार आठवून पुन्हा फुगतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. मग काय विचारता! असा धातू, आणि तोही सच्छिद्र. गार करून दाबायचा, हाडात बसवायचा, अंगाच्या उबेनं तो फुगून घट्ट होणार आणि पुढे हाडच त्याच्या भोकांत वाढणार. मालकाच्या मागे लागून लागून त्यांनी एक जुनी भट्टी पदरात पाडून घेतली.

त्या भट्टीपुढे मी एकदाच उभा राहिलो आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. दोन्ही धातूंची पूड मिसळून दाबलेली कांडी आत गरम करायची आणि एका टोकाला पेटवायची. आग उदबत्तीसारखी आपली आपण दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते. ऊब कमी पडली तर मध्येच विझते, जास्त झाली तर सगळं वितळून भरीव गोळा. साडू काचेला नाक लावून "चल बाई, चल" करत होते, माझ्या तळहातांना घाम फुटला होता, आणि आग बरोब्बर मध्यावर विझली. कितीतरी कांड्या अशाच वाया गेल्या. शेवटी एक मनासारखी उतरली. तिचा बोराएवढा तुकडा कापून ते थेट आमच्या दारात आले आणि ओरडले, "जाळी पडली!" माझ्या बायकोला वाटलं, अनारशांबद्दलच बोलताहेत.

पण तोवर मालकाचा धीर संपला होता. "हाडांचे डॉक्टर हो म्हणाले तर भट्टी तुमची," त्यांनी बजावलं, "नाहीतर सोमवारपासून पुन्हा बुशं." मुंबईहून एक मोठे डॉक्टर रविवारी यायचे ठरले. साडूंनी तुकडा कारखान्यात गार करून दाबून आणला आणि बर्फ भरलेल्या थर्मासात ठेवला. जन्मात मांसाला न शिवलेला हा माणूस खाटकाकडून बकऱ्याचं हाड घेऊन आला, स्वतः घासून त्याला भोक पाडलं. दाबलेला तुकडा त्या भोकात सहज जायला हवा आणि ऊब लागल्यावर निघता कामा नये, एवढीच परीक्षा होती. मे महिना, दुपारचं ऊन, खाडीपुलावर गाड्यांची रांग. डॉक्टर काही येईनात. साडू नाक्यावर येरझाऱ्या घालत होते आणि मी त्यांच्यामागे छत्री घेऊन.

डॉक्टरांना घेऊन एकदाचे आम्ही वर आलो. अक्कांनी लगबगीनं कोकम सरबत आणलं. साडूंची नजर डॉक्टरांच्या पेल्यावर गेली आणि तिथंच खिळली. पेल्यात बर्फ किणकिणत होता.

"अगं, हा बर्फ कुठला?"

"त्या थर्मासातला. एवढ्या उन्हातून पाहुणे आलेत, त्यांना कोमट सरबत देऊ?"

घरात फ्रिज नव्हता, दारी पाहुणा होता. त्या माउलीचं काय चुकलं? पण साडूंनी थर्मास उपडा केला, तर गरम झालेला तुकडा पुरता फुगून बाहेर पडला. हाडाच्या भोकात त्याचं टोकसुद्धा शिरेना. एकच तुकडा, आणि दाबायचं यंत्र सुटीमुळे कुलपात. मला वाटलं, माणूस आता मटकन खाली बसतो. तर हे डॉक्टरांपुढे हात पसरून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचा बर्फ द्या."

डॉक्टरांनी दिला! माझ्या पेल्यातला गेला, अक्कांच्याही पेल्यातला गेला. लालभडक बर्फाच्या वाटीत तुकडा घेऊन वरात खाली सायकलच्या दुकानात निघाली. तिथं लोखंडी शिकंजा होता आणि दुकानदार जवळच्याच गावातला. तुकडा न्याहाळून तो म्हणाला, "साहेब, याला भोकाच भोका हान. तुटला तं मना बोलू नको."

"नाही बोलणार. हळू आवळ."

शिकंजा आवळत गेला. कर्र असा आवाज झाला आणि साडूंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर पेला हातात धरून वाकले होते. मला देव आठवला, खोटं कशाला बोलू? शिकंजा सोडला. तुकडा अख्खा होता. साडूंनी तो भोकात सरकवला. अगदी अलगद गेला. अक्का वरून कोमट पाणी घेऊन धावत आल्या होत्या. ते पाणी हाडावर ओतलं.

डॉक्टरांनी चिमट्यानं तुकडा ओढला. मग जोर लावून ओढला. मग दुकानदाराची पक्कड घेतली, त्यानं हाड धरलं, डॉक्टरांनी तुकडा. तुकडा जागचा हलला नाही.

"आयला," दुकानदार म्हणाला.

डॉक्टर बराच वेळ हाड फिरवत राहिले. "धरतंय," ते म्हणाले, "मानलं तुम्हाला. पण माणसाच्या अंगात घालायला मी आज हो म्हणू शकत नाही. आधी जनावरांवर पाहावं लागेल, मग वाट पाहावी लागेल. वर्षं जातील हो यात." त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो.

सोमवारी साडू बुशं करायला गेले. निवृत्त होईपर्यंत बुशंच केली. पुढे परदेशात तसाच धातू माणसांच्या हाडांत बसवू लागले, हे त्यांनी मला पेपरातलं कात्रण दाखवून सांगितलं. राग नाही, काही नाही. फक्त म्हणाले, "बरं झालं. कुणाची तरी आई चालेल."

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते हाड अक्कांच्या शोकेसमध्ये आहे, आणि मी गेलो की एकदा तुकडा ओढून बघतोच. मागच्या दिवाळीत अक्कांचा नातू हट्टाला पेटला, त्याला तुकडा काढून हवा होता. मी शहाणपणा केला, म्हणालो, "सोपं आहे रे, बर्फात ठेव. गार झाला की नरम पडतो, मग ओढून निघतो. तुझे आजोबाच सांगायचे." नातू फ्रिजकडे धावला. अक्का गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, आणि फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"एकदा बर्फाच्या पायी चुकले मी," त्या म्हणाल्या. "आता नको. धरलंय ना त्यानं? राहू दे धरलेलं."