कुंकू लागलेल्या फ्लॉप्या

आमची प्रेमलता सावनेरजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटर चालवते. आमच्या नंदनवन वस्तीतून सिटी बसने स्टँडवर आणि तिथून एसटीने सावनेर, हा तिचा रोजचा रस्ता. शेजारच्या यमुताई विचारतात, पोरगी तिथे नेमकं करते काय? मी सांगते, टाइप करते. त्यांचं समाधान होतं. माझं होत नाही, कारण ती काय करते हे मला थोडंफार कळतं.

लहानपणी नवी वही मिळाली की ती एका बाजूने गणित आणि उलट बाजूने मराठी लिहायची. दोन्हीकडून लिहीत मध्यावर आली की एक पान कोरं सोडायची. ते पान वाया जातं असं तिचे बाबा म्हणत. ती म्हणायची, वाया नाही, ती हद्द आहे.

कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता. त्यात डॉस नावाची यंत्रणा होती आणि मागच्या हंगामांचा सगळा कापूस, म्हणजे कोणत्या गावाचा, कोणाचा, कोणत्या प्रतीचा, हे डॉसवरच्या एका प्रोग्राममध्ये होतं. यंदा वजनकाटा आणि ऑफिस, दोन्हीकडून एकाच वेळी नोंदी करता येतील असा नवा प्रोग्राम आला. तो मात्र झेनिक्स नावाच्या दुसऱ्या यंत्रणेवरच चालायचा. नवा घ्यायचा तर जुना सोडा, असं विकणाऱ्याने सांगितलं. प्रेमलता म्हणाली, दोन्ही ठेवता येतील. मशीनच्या आतल्या एकाच डिस्कचे दोन भाग करायचे. मशीन सुरू करताना सांगायचं, आज कोणती यंत्रणा हवी.

मालक आनंदराव सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की जुना हंगाम मशीनमधून गेला, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. ती अजून नोकरीत कायम झालेली नव्हती. ही गोष्ट तिने मला भाजी निवडताना सांगितली, जणू उद्या बस उशिरा आहे. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

डिस्कचे भाग करायचे तर आधी ती पूर्ण रिकामी करावी लागते. म्हणून जुनं सगळं तिने फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं. एकच प्रत काढली. दसऱ्यानंतर कापूस यायला लागणार, तेव्हा खंडेनवमीचा दिवस तिला बरा वाटला, कारण त्या दिवशी कारखाना बंद असतो. सकाळी तिने डिस्क पुसली, दोन भाग पाडले, एकात झेनिक्स बसवलं, दुसऱ्यात डॉस. आता फ्लॉप्यांवरचं जुनं परत आत घालायचं तेवढं बाकी होतं. त्याआधी ती डबा खायला मागच्या व्हरांड्यात गेली.

खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होते आणि ती हेडक्लार्क देवराव करतात. गेली कित्येक वर्षं तेच करतात. त्यांनी वजनकाट्याला, टाइपरायटरला, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. शेजारी फ्लॉप्या मांडलेल्या दिसल्या. फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली चकती दिसते. देवरावांनी प्रत्येकीच्या खिडकीत, बरोबर त्या चकतीवर, ओल्या कुंकवाचा टिळा लावला आणि वर अक्षता वाहिल्या.

प्रेमलता परत आली आणि उभी राहिली. देवराव समाधानाने हात पुसत होते.

"टिळा चकतीवर काहून लावला, देवरावजी?"

"मंग काय पाकिटाले लावू? देव आत राहते ना वं."

तिने एक फ्लॉपी उचलली, तर त्यांनी थांबवलं. पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, एवढं तरी तिला कळायला हवं, असं ते म्हणाले. तशी फ्लॉपी मशीनमध्ये घातली असती तर मशीनचं वाचणारं डोकंही कुंकवाने माखलं असतं. म्हणून तिने त्यांचं ऐकलं. दसऱ्याची पूजा आटोपल्यावर ती सावनेरला गेली आणि सगळ्या फ्लॉप्या पिशवीत घालून घरी घेऊन आली.

तिने मला उकळून गार केलेलं पाणी आणि मऊ मलमल मागितली. पाकिटाची कड कात्रीने कापून ती आतली तपकिरी चकती बाहेर काढायची, मधल्या भोकात बोट घालून धरायची आणि पाण्यात धुवायची. मी म्हटलं, दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसायचं?

"पुसत नाही, आई. धुते आहे."

मी देवाला नमस्कार केला आणि पाणी बदलून दिलं. तिचे बाबा आपट्याची पानं घेऊन आले. स्वयंपाकघरात मलमलीवर चकत्या वाळत घातलेल्या पाहून त्यांनी पानं माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन बसले.

एका चकतीवर तांदळाच्या दाण्याचा ओरखडा होता. ती तिने वेगळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट कापून त्यात एकेक चकती घालत तिने सगळं वाचून घेतलं. ओरखड्याची चकती वाचली गेली नाही. तिच्यावर एका गावाच्या नोंदी होत्या. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं तेव्हा झेनिक्स उठलं. तिथे 'डॉस' टाइप केल्यावर जुना प्रोग्राम समोर आला, एक गाव सोडून सगळा.

ती आनंदरावांकडे गेली आणि एक गाव गेलं म्हणून सांगितलं. कसं गेलं, त्यांनी विचारलं. दुसरी प्रत काढायला हवी होती, मी काढली नाही, एवढंच ती म्हणाली. कुंकवाचा विषय तिने काढला नाही. मी असते तर आधी तोच काढला असता.

आनंदराव काही बोलायच्या आत दारात उभे असलेले देवराव आत आले.

"टिळा म्या लावला, मालक. पोरीले काही म्हणू नका."

आनंदरावांना सगळं समजायला वेळ लागला. कुंकू कुठे लावलं हे त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, त्या गावच्या वजनपावत्या कपाटात आहेत. देवराव वाचतील, तुम्ही टाइप करा. आणि जाताना तिला कायम केल्याची चिठ्ठी घेऊन जायला सांगितलं.

त्यामुळे सध्या ती रोज उशिरा येते. देवराव चष्मा विसरतात, मग प्रत्येक नाव खिडकीशी नेऊन वाचतात. निम्मं गाव झालं आहे. प्रत्येक संध्याकाळी ती दोन प्रती काढते, एक ऑफिसात ठेवते आणि दुसरी आमच्या कपाटात, माझ्या साड्यांच्या घडीत. त्या कपाटाची किल्ली मी आता कमरेला लावूनच झोपते.