फळ्यावर लिहिलेलं ‘वैध’

हे सांगायला मला सात वर्षं लागली, आणि आजही तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. घरी कुणाला माहीत नाही. कॉलेजात तर नाहीच—तिथे मी अजून शिकवतो.

काय शिकवतो? हसू नका—तर्कशास्त्र. चिखलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात, अकरावी-बारावीच्या कला शाखेला. दोन विधानं द्यायची, त्यांवरून काढलेला निष्कर्ष द्यायचा, आणि मुलांनी सांगायचं—हा युक्तिवाद वैध की अवैध? निष्कर्ष खरा आहे का, हे विचारायचंच नाही. तो त्या दोन विधानांतून निघतो का, एवढंच बघायचं. वीस वर्षं हेच शिकवून मी स्वतःला मोठा शहाणा समजत होतो. स्टाफरूममध्ये कुणी काही बोललं की मध्येच तोंड घालायचो—‘हे त्यातून निघत नाही, सर.’ लोक वैतागायचे. मला मजा यायची.

तर त्या वर्षी मी अकरावीचे पेपर तपासत होतो. सातवा प्रश्न असा होता: कापूस पेरणारे सगळे शेतकरी असतात, आपल्या गावातले काही लोक शेतकरी आहेत, म्हणून आपल्या गावातले काही लोक कापूस पेरतात. आपल्याकडे कोणत्या गावात कापूस नाही? निष्कर्ष खराच वाटतो, आणि तिथेच मुलं फसतात. गावातले शेतकरी नुसतं सोयाबीन पेरणारे असले तर? ती दोन विधानं त्याला कुठे आड येतात? म्हणजे अवैध. बहुतेकांनी गाइड वाचून तसं लिहिलंही होतं. दोघींनी मात्र लिहिलं होतं—वैध. आणि खाली कारण, शब्दाला शब्द सारखं: ‘शेतकरी हे पद दोन्हीकडे आले, त्यामुळे दोन टोके जोडली गेली.’

बरोबर उत्तरं सारखी आली तर कुणी बघत नाही. चुकीचं उत्तर सारखं आलं की मास्तरचे कान टवकारतात. एक वैष्णवी, पुढच्या बाकावरची, आमच्याच संस्थेतल्या एका सरांची मुलगी. तिच्या मागे सुरेखा—बीबी गावची, चिखलीत आत्याकडे राहून शिकणारी. कुणी कुणाचं बघून लिहिलं, हे ठरवायला मला किती वेळ लागला असेल? हातातला चहा संपायच्या आत ठरलं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये सुरेखाला बोलावलं, तिच्या बाबांनाही. त्यांचा भाजीपाल्याचा मळा. टमाट्याचा तोडा अर्धवट टाकून आले होते. मी ऐटीत मांडलं: कॉपी करणाऱ्याचं उत्तर पुढच्याच्या उत्तराशी जुळतं. हिचं जुळतं. म्हणून हिनं कॉपी केली.

तुमच्या लक्षात आलं? माझ्या नाही आलं. तिच्या आलं. ती बाबांच्या हातांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “सर, टमाटे तोडणाऱ्याचे हात काळे होतात. मंग काळे हात दिसले का त्यानं टमाटेच तोडले काय? गाड्या दुरुस्त करणाऱ्याचे बी काळेच रायतात.”

सातव्या प्रश्नात जी चूक मी मुलांना पकडायला सांगितली होती, तीच मी सगळ्यांसमोर करून बसलो होतो, आणि अकरावीतल्या पोरीनं ती पकडली होती. प्राचार्यांना ते उद्धट वाटलं. मग ती म्हणाली, “हे उत्तर तुम्हीच फळ्यावर लिवलं होतं सर. माह्या वहीत हाये.”

शक्यच नाही, मी म्हणालो. आणि तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. प्राचार्य म्हणाले, आण वही.

अर्ध्या तासात ती धापा टाकत परत आली. मी व्हरांड्यातच तिच्या हातातून वही घेतली आणि तिला आत पाठवलं. वही उघडली. वर तारीख होती, सोयाबीनच्या सोंगणीतली. त्या दिवसांत आमचे वर्ग ओस पडतात, पोरं शेतात असतात. त्या दिवशी वर्गात दोघीच होत्या—वैष्णवी आणि सुरेखा. मला निवडणुकीच्या ट्रेनिंगला जायचं होतं, एसटी चुकेल म्हणून जीव वरखाली होत होता. पुस्तकातलं एक उदाहरण घाईत सोडवलं, ‘वैध’ लिहिलं, कारण सांगितलं आणि निघालो. पुढे तेच उदाहरण पेपरात घातलं, तरी काही आठवलं नाही. ‘दोन टोके जोडली गेली’—हे माझे शब्द! माझी बोलायची ढब! पेपर तपासताना मला ती ओळखूसुद्धा आली नव्हती?

मला धक्काच बसला. आणि लाज वाटते सांगायला—तो धक्का तिच्यासाठी नव्हता. मी चुकतो? वीस वर्षं शिकवलेल्या गोष्टीत, मी? एवढंच डोक्यात घुमत होतं.

आत जाऊन म्हणायचं होतं, चूक माझी आहे. काय झालं असतं? प्राचार्य हसले असते. स्टाफरूममध्ये आठवडाभर माझी टिंगल झाली असती. नोकरीला धक्काही लागणार नव्हता. मी आत गेलो आणि म्हणालो, “वहीत असं काही नाही.”

वही माझ्या काखेत होती. कुणी मागितली नाही. तर्कशास्त्राच्या सरांनी पाहिली म्हटल्यावर कोण मागणार? वैष्णवीलाही बोलवावं का, असं प्राचार्यांनी विचारलं. गरज नाही, असं मीच म्हणालो. ती आली असती तर तिनंही फळ्याचंच नाव घेतलं असतं, हे मला तोवर पक्कं कळलं होतं.

सुरेखा रडली नाही. “सर...” एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे बाबा म्हणाले, “सरायनं पाह्यलं ना? चाल आता.” जाताना त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. “पोरगी चुकली सर. माफ करा.” मी मान हलवली. होय, मी त्यांना माफ केलं.

तिला नापास केलं. बाबांनी आत्याकडचं तिचं सामान त्याच आठवड्यात बीबीला नेलं. बारावीला ती आली नाही, दुसरीकडेही कुठे गेली नाही. पुढे लग्न झालं असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

अजून एक राहिलं. इतका वेळ तेच टाळत होतो. व्हरांड्यात वही उघडली तेव्हा, माझ्या उत्तराशेजारी, समासात, पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं: ‘नुसतं सोयाबीन पेरणारे पण शेतकरीच ना? मग वैध कसं? सरांना विचारणे.’

ती विचारायला आली होती का, मला आठवत नाही. बरोबर उत्तर तिला ठाऊक होतं. परीक्षेत तिनं माझं लिहिलं, कारण ते मी शिकवलं होतं. समासातलं ते मी वाचलं. दोनदा वाचलं. आणि मग आत गेलो.