शेठजींनी बटण दाबलं नाही

भुताखेतांच्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. त्यामुळे हे लिहायची लाज वाटते... तरी लिहितो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. प्राणिशास्त्राचे पाटील सर – मूळचे धुळ्याचे, भाषणांची भारी हौस – कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भापासून काचेच्या बशीत चेतापेशी वाढवत. विजेचा बारीकसा झटका दिला की पेशीही वीज सोडायची आणि विजेचा चढउतार दाखवणाऱ्या माझ्या ऑसिलोस्कोपवरची सरळ हिरवी रेघ टुणकन उडायची.

प्रयोगशाळेला देणगी देणाऱ्या एका डाळमिलवाल्या जैन शेठजींच्या दिवंगत वडिलांचं, बाबूजींचं, नाव द्यायचं होतं. शेठजींची अट एकच – आत कुठल्याही जिवाला दुखवायचं नाही. पाटलांनी त्यांना "पेशी आम्ही इथेच वाढवतो" एवढंच सांगितलं. अंड्याचा विषय निघालाच नाही.

उद्घाटनाला ऑसिलोस्कोपला हार घातला, कुंकू लावलं. मग पाहुण्यांनी मानाप्रमाणे एकेकाने झटक्याचं बटण दाबायचं. रेघ उडाली की टाळ्या. धुळ्याहून आलेल्या एका आबांनी दोनदा दाबलं. "हाऊ बठ्ठा खेळ लाइटना शे!" सगळा विजेचाच खेळ, असं त्यांचं अहिराणीतलं मत.

शेठजींनी मात्र बटणाला हात लावला नाही.

"सर, यांना दुखतं का?"

"छे हो शेठजी, निर्जीवच म्हणा!" पाटील म्हणाले. भाषणात याच पेशी 'जिवंत चमत्कार' होत्या. मला हसू फुटलं... ते लपवायला वाकलो आणि आता रेघ उडायला नको म्हणून झटक्याच्या यंत्राचा प्लग काढून घेतला.

शेठजींनी बशीला हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्." जैन माणूस क्षमा मागताना म्हणतो ते.

रेघ उडाली.

ते चमकले. पुन्हा म्हणाले. पुन्हा उडाली.

अशा पेशी कधीकधी आपणहून वीज सोडतात, हे मला ठाऊक आहे. पण या बशीची रेघ झटक्याशिवाय कधीच हलली नव्हती.

"बाहेरच्या मोटारीचा परिणाम," मी घाईघाईने म्हणालो.

"आणि तुमच्या हातात काय आहे, सर?" शेठजींनी विचारलं.

प्लग. सगळे माझ्याकडे बघत होते.

"खरं सांगा. जीव आहे यांच्यात?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग बाबूजींचं नाव काढा," शेठजी शांतपणे म्हणाले. नावाची पाटी तिच्यावरचा पडदा न सरकवताच उतरली.

नंतर मी वायरी, अर्थिंग, सगळं तपासलं. दोष सापडला नाही. एकदा दार लावून, बशीपुढे हात जोडून, तेच शब्द म्हणून पाहिले. रेघ सरळच राहिली. का, ते मला आजही सांगता येत नाही.