दावं घेऊन निपाणीला

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दावं (जनावर बांधायचा दोर) वळणं. वासराला दावं हवं होतं. हिने आपलं जुनं हिरवं लुगडं फाडून पट्ट्या काढल्या. एक टोक माझ्या हातात, दुसरं हिच्या. ही पीळ घालणार, मी ओढून धरणार. अकरा वर्षांची नात तनू उंबऱ्यात बसून बघत होती.

"ओढा की जरा, जीव न्हाय व्हय अंगात?" ही म्हणाली.

"तू आधी नीट पीळ घाल," मी म्हणालो.

तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं आणि ही आत पळाली. "ऱ्हायलेलं उद्या," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. निम्मं वळलेलं दावं पाच महिने खुंटीवरच होतं. वासराला मी बाजारातलं नायलॉनचं आणलं.

हे प्रवासवर्णनात कशाला, असं तुम्ही म्हणाल. दाव्याशिवाय निपाणीचं सांगताच येत नाही, म्हणून. माझी शाळा चौथीपर्यंत. जमेल तसं वाचा.

तनूला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता. दोन्ही शब्द मला जड. मला कळतं ते एवढंच: ताटात भाताला आमटी लागलेली तिला चालत नाही, कुकरची शिट्टी सोसत नाही, न सांगता अंगाला हात लावलेला खपत नाही. स्वतःचं बोलणं कमी. पण ऐकलेलं एखादं वाक्य ती महिन्यांनी त्याच आवाजात परत म्हणते. लोकांना हे कळावं म्हणून माझा मुलगा पर्शा मॅरेथॉन पळतो. अंगात निळा टी-शर्ट, त्यावर 'माझी मुलगी वेगळी आहे, वेडी नाही' असं मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. एकाच भाषेत लिहिलं तर आमच्या सीमाभागात ऑटिझम राहतो बाजूला आणि भाषेचं भांडण लागतं. तरी छापणाऱ्याने विचारलंच, "वर कुठली घालू?" पर्शा म्हणाला, "गोल छाप." आता ते वाचायला लोकांना पर्शाभोवती मान वाकडी करावी लागते.

पर्शा पळायला गेला की तनूला आजी सांभाळायची. आजी गेली आणि पर्शाचं पळणं थांबलं. निपाणीची शर्यत आली तेव्हा मीच म्हणालो, मी येतो, पोरीला बघतो. माझी सून सुनीता दवाखान्यात नर्स आहे, रविवारी तिची ड्युटी. ती म्हणाली, "आप्पा, ह्या टायमाला जमलं तर जमलं. न्हायतर ह्यांचं पळणं कायमचं बंद. घर, ड्युटी, तनू, सगळं एकट्या माझ्याच्यानं हुईत न्हाय." तिचं काही चुकत नव्हतं.

पहाटे आमच्या कंग्राळीतून निघताना तिने माझी पिशवी उघडली. वरच दावं.

"हे कशाला?"

"गर्दीत चुकली तर? मनगटाला बांधतो."

"आप्पा, पोरगी हाय ती, वासरू न्हाय!"

मी दावं बाहेर काढलं. ती आत वळल्यावर परत पिशवीत घातलं.

हायवेला लागलो. काकती, यमकनमर्डी मागे पडली. तनू खिडकीला नाक लावून होती. मी तिला दोनदा हाक मारली, तिने दोनदा काच वर केली. संकेश्वरला उजाडायच्या आत एक गाडा उघडा दिसला. मी मिरची भजी खाल्ली. एवढ्या पहाटे संकेश्वरची मिरची पोटात घालू नये, हे मला पुढे तवंदीच्या घाटात कळलं. पर्शाने दोन वेळा गाडी थांबवली आणि दोन्ही वेळा तोंड फिरवून हसला. घाटातून खाली धुक्यात निपाणी दिसली. लोक ते बघायला थांबतात. मी ज्यासाठी थांबलो ते झाडामागे उरकलं.

गावात शिरल्या शिरल्या तंबाखूचा वास आला. तनू तीनदा शिंकली. शाळेच्या पटांगणावर ही गर्दी. पर्शाची शर्यत एकवीस किलोमीटरची. "आप्पा, ह्या लिंबाखाली बसा. हलू नका," असं सांगून तो गेला.

दीड तास आम्ही हललो नाही. तनू खडे ओळीत मांडत होती, मी बघत होतो. मला वाटलं, ह्यात काय अवघड? मग पळणारे परत यायला लागले आणि त्यांच्या स्वागताला हलगी सुरू झाली.

तनूने कानांवर हात दाबले. पुढे-मागे झुलायला लागली. मी "तनू, तनू" करतोय, पण माझा आवाज म्हणजे तिला आणखी एक हलगी. हात लावावा तर किंचाळेल. मी पिशवीत पाणी शोधायला लागलो आणि दाव्याचं टोक बाहेर आलं. तिने ते हिरवं बघितलं. कानावरचा एक हात काढून टोक मुठीत धरलं, आजी धरायची तसंच. आणि जी पळाली!

दुसरं टोक माझ्या हातात. सोडलं असतं तर पोरगी गेली असती. म्हणून मीही पळालो. सत्तर वर्षं पार केलेला माणूस, धोतर, टोपी आणि पोटात भजी. हलगीपासून लांब म्हणजे फाटकातून बाहेर, म्हणजे सगळे येत होते त्याच्या उलट.

"आज्जा, उलटं पळालायसा!" लोक ओरडत होते.

"निधान, अज्जा, निधान!" (कन्नडमध्ये सावकाश) चौकातला पोलीस म्हणाला. मी म्हणालो, "मला काय सांगता? पुढचीला सांगा!"

एका ओसरीवर मांडीवर सूप घेऊन एक आक्का बिड्या वळत होती. ती कडाडली, "म्हाताऱ्या, लाज वाटती का? पोरीला दाव्यानं बांधलंयस!"

"डोळं उघडून बघ की बाई! गाठ कुठं हाय? तिनं धरलंय. बांधलंय ते मला!"

तिने नीट बघितलं आणि हसायला लागली. "मग ओढू दे तुला. प्वाट तरी उतरंल."

पुढे चपलेचा अंगठा तुटला. चप्पल तिथंच टाकली. छातीचा भाता झाला. मी थांबलो तशी तीही थांबली आणि दावं ढिलं पडलं. तनूने मागे न बघता म्हटलं,

"ओढा की जरा, जीव न्हाय व्हय अंगात?"

आवाज हिचाच. तोच ठसका. पाच महिन्यांत कुणी मला असं बोललं नव्हतं. सगळे जपून बोलतात. मी टोपीने डोळे पुसले आणि पाय उचलला.

समोरून पर्शा आला. बापाला आणि पोरीला रस्त्यात बघून थबकलाच.

"आप्पा! काय झालं?"

"थांबू नकोस रं! तू थांबलास तर तुझी बायको तुला कायमचा थांबवंल! पळ!"

तो पळाला. बापाची पाठ दिसल्यावर तनू आपोआप वळली आणि त्याच्या मागे लागली, तिच्या मागे मी. फाटकाशी मी उरलेल्या सगळ्या दमाने ओरडलो, "ती हलगी बंद करा! पोरगी येतीया!" हलगीवाल्याने दोन्ही काठ्या वर धरल्या. तेवढ्या शांततेत आम्ही तिघं आत शिरलो.

तनूला पदक मिळालं. गळ्यात घालू देईना. तिने ते दाव्याच्या टोकाला बांधलं. मला एक केळं मिळालं. चिकोडीकडचा एक माणूस पर्शाच्या टी-शर्टाभोवती मान फिरवत आला. म्हणाला, "माझा पोरगाबी ऐकलेलंच बोलतोय. शाळेत म्हणत्यात, वात्रट हाय." पर्शा त्याच्याजवळ अर्धा तास बसला. मी माझ्या पायातले खडे काढत बसलो.

येताना मी भजी खाल्ली नाहीत. घरी सुनीता दारातच उभी होती.

"तनू रडली?"

"न्हाय."

"आप्पा रडले," पर्शा म्हणाला.

तिने माझा एक अनवाणी पाय बघितला, पदक बांधलेलं दावं बघितलं. मी शिव्या खायला तयार होतो. ती नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या टायमाला आप्पांना बूट घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून मी दावं आणि लुगड्याच्या राहिलेल्या पट्ट्या घेऊन अंगणात आलो. तनू उंबऱ्यात होती. मी टोक पुढे केलं. तिने आधी पदक सोडून बाजूला ठेवलं, मग पट्ट्या जोडून पीळ घालायला लागली. घट्ट घालते पोरगी. मी पाय रोवले आणि जीव लावून ओढलं.