साहेब उठले आन् मीबी उठलो

मला धड सही येत न्हाई, पण माणसं कॉलेजची मॅच बघाया का जात्यात, ते मला इचारा. खेळ बघाया कुणी जात न्हाई. मी तर सख्ख्या पोरीचा खेळ बघाया गेलतो, आन् तरीबी गेलो न्हाई. कसं ते सांगतो.

शिरूरला एका कॉलेजच्या ग्राउंडावर पोरींची कबड्डी व्हती. माझी पोरगी दौंडच्या कॉलेजाकडनं. राखीव. आदल्या दिशी म्हणली, "आप्पा, मला बहुतेक उतरवणार न्हाईत. पण उतरवलंच, तर आपलं एक माणूस बघायला असावं." जल्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं पोरीनं, आन् ते बी फुकटातलं. म्हणलं, येतो.

एसटीनं गेलो असतो तर माणसात राहिलो असतो. पण आमच्या भागातला एक पुढारी, त्याला सगळे साहेब म्हणत्यात, तो पाहुणा व्हता. त्याच्या आधी पोचून गर्दी कराया आमच्या पाटसाकडनं दोन जीपा भरून माणसं जायची. असल्या जीपात हसवायला एक येडं लागतं. ते मी. चौफुला ते न्हावरा मी बोकडाचा आवाज काढला, न्हावरा ते शिरूर सासूचा. पुढारी पाळतो माणसं, माणसं पाळत्यात मला.

ग्राउंडावर गर्दी बघून छाती फुगली. मग नीट बघितलं. एका अंगाला पोरं बसल्याली. सरांनी सांगितल्यालं, बसाल तर हजेरी मिळंल. ती समदी मोबाइलात. दुसऱ्या अंगाची पोरं मान वर करून व्हती, पण त्यांचं ध्यान गुणांवर नव्हतं. सर लोक पाहुण्याच्या वाटंकडं तोंड करून. आन् मंडपाच्या मागं मसालेभाताचं पातेलं, तिकडं तोंड करून आम्ही. कोर्टाकडं बघत व्हता तो एकटा पंच, त्याला भत्ता असतो.

साहेब आले ते पहिला डाव चालू असताना. मॅच थांबवली. शाल, नारळ, पुन्हा शाल. चौदा पोरी उन्हात कमरंवर हात ठेवून उभ्या. एकाबी भाड्याला त्याचं काही वाटलं न्हाई, मला धरून. मला तवा वाटत व्हतं, भात निवतोय.

आमची खुर्ची साहेबांच्या पाठी, गादीची. नियम एकच. साहेब हसले की हसायचं, टाळी वाजवली की वाजवायची, उठले की उठायचं. शिकलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागतो, मला उपजत येतं.

दुसऱ्या डावात एक पोरगी लंगडत भाईर गेली आन् माझी आत आली. तिनं बुटाची नाडी बांधली, मंडपाकडं बघितलं. मी हात वर केला. जरा येळानं तिच्या चढाईची पाळी आली, आन् नेमका साहेबांचा फोन वाजला. साहेब उठले. दोन जीपांची माणसं उठली. मीबी उठलो. देवाशपथ सांगतो, डोक्यात काही नव्हतं. पाय चालाय लागले, वाटंत पत्रावळीवर भात घेतला, जीपात बसलो, आन् बोकडाचा आवाज सुरू केला.

न्हावऱ्याजवळ एकानं इचारलं, "का रं, तुझी पोरगी खेळली का?"

तितं उतरलो. जीप माझ्यासाठी माघारी वळणार नव्हती. एसटीनं परत शिरूरला पोचलो तवर मंडपवाला खुर्च्या रचत व्हता. पोरी झाडाखाली बसल्याल्या. माझी म्हणली, "आप्पा, मला वाटलं, लघवीला चाललाय."

मी म्हणलं, व्हय, लांब व्हती जरा. ती हसली न्हाई. मग सांगितलं. पंचानं खूण केली की पाच सेकंदात समोरच्या अंगणात शिरावं लागतं. ती रेषेवर थांबली, मी माघारी येतोय का बघत. शिट्टी वाजली, पाळी गेली. सरांनी भाईर काढली. तेवढीच तिची मॅच.

"तसंबी आम्ही हरणारच व्हतो," ती म्हणली. माझी समजूत काढत व्हती पोरगी, आन् माझ्या मिशीला भाताचं शीत.

एसटीत पारगाव गेल्यावर बोलली, "दौंडच्या मॅचला या, आप्पा. साहेब येणार नसतील तरच."

दौंडला साहेब आले न्हाईत. मग मंडप न्हाई, भात न्हाई, हजेरीबी न्हाई. बघणारे आम्ही सात, त्यातलं एक कुत्रं. खुर्ची एक व्हती, पण मी बसलो न्हाई. पहिल्यापासनं रेषेच्या कडंला उभाच राहिलो, म्हंजी उठायची भानगडच नको.

शेवटाला तिला उतरवलं. रेषेवर आली, माझ्याकडं बघितलं. मी तिथंच व्हतो. तेवढ्यात रस्त्यावर कुठल्यातरी मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला आन् माझी मान आपोआप तिकडं वळली.

माघारी आणली तवर ती आत शिरली व्हती.