सुलभाताईंना परत आलेली चव

सुलभाताई गेल्याचं त्यांच्या यजमानांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी रोह्याला शाळेत पेपर तपासत बसले होते. "दुपारी जेवली, म्हणाली जरा आडवी होते, ती उठलीच नाय," ते म्हणाले. मग पुन्हा, "पोटभर जेवली पण..." धक्का बसला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्या मला हेच सांगून गेल्या होत्या. मीच ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

पेणजवळ हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात त्या मूर्तींचे डोळे आखायच्या. सायकल शिकल्या त्या पंचेचाळिशीत. धरमतरच्या पुलावर एका रविवारी माझी चेन उतरली, ती त्यांनी साडीच्या पदराला हात पुसत बसवून दिली आणि आमची मैत्री झाली. पुढे त्यांना मोठा ताप आला, त्यात वास गेला आणि चवही गेली. मीठ-मिरची तेवढी कळायची, बाकी सगळा 'लाकडाचा भुसा गो'. तरी सायकलवरून निघालो की वाटेत जे पिकतं-शिजतं तेच खायचं हा त्यांचा हट्ट. मी घास घ्यायचा आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारायचं, "कसं लागतंय, सांग ना." वालाची उसळ, ओले बोंबील, नाचणीचं आंबील... तीन वर्षं मी त्यांना चवी सांगत होते. सांगता सांगता माझं जेवण गार व्हायचं.

गेल्या थंडीत आम्ही पेणहून गुहागरला निघालो. पहिल्याच दिवशी कोलाडच्या अलीकडे, हायवे सोडून नदीकाठच्या एका वाडीत पाणी मागायला थांबलो. पार्वतीबाई म्हणून पन्नाशीच्या एक बाई अंगणात लाकडं फोडत होत्या. "पानी कसलं पिताव नुसतं, जेवूनच जा," म्हणाल्या. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. ऊन चांगलं तापलं होतं, नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. ताईंनी दुसरा घास घेतला आणि त्यांचं तोंड हलायचं थांबलं.

"करांदा हाय यात," त्या म्हणाल्या.

"नाय ताई, सुकट हाय नुसती," पार्वतीबाई म्हणाल्या.

"करांदाच. उकडलेला. खालून जरा करपलाय..."

डोळे मिटून, त्या कडवट कंदाची चव जिभेवर घोळवत असल्यासारख्या त्या सावकाश चावत होत्या. पार्वतीबाईंचा हात तोंडाशी गेला. कालवणाच्या त्या टोपात त्यांची सासू करांदे उकडायची, त्यांनी हळूच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी चुलीवर करांदे ठेवून म्हातारी शेजारी बसली ती बसल्या जागीच गेली. करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. त्यानंतर त्या घरात करांदा आला नव्हता. माझ्या अंगावर भर दुपारी काटा आला. सुलभाताईंच्या गालांवरून मात्र पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "चव लागली गो मला! तीन वर्षांनी चव लागली!"

पुढच्या गावांत त्या घरं बघून थांबू लागल्या. ओटीवर हार घातलेला फोटो दिसला की सायकल भिंतीला टेकवायच्या. माणगावच्या पुढे एका घरी पिठलं खाताना त्यांना फणसाची भाजी लागली, आणि वाढणारी सून भांडं तसंच ठेवून आत गेली ती बाहेरच आली नाही. त्यांना वाटेल ते नव्हतं लागत. त्या घरातून गेलेल्या बाईच्या हातचंच लागायचं. हॉटेलात, खानावळीत पुन्हा भुसा. तिसऱ्या दिवशी मी रस्त्यातच त्यांना म्हणाले, "ताई, तोंडाच्या चवीसाठी तुम्ही लोकांची दुःखं उकरताय." आम्ही दापोलीहूनच एसटीच्या टपावर सायकली टाकून परत आलो. नंतर सात-आठ महिने एकमेकींना फोनही नाही.

गणपती झाल्यावर एका रविवारी त्या सायकलवरून थेट रोह्याला, माझ्या दारात. काही झालंच नसावं अशा थाटात त्यांनी पाट मागितला. मी वालाचं बिरडं केलं होतं. वाढताना, आमचं हे घर नवं, इथे अजून कुणी गेलेलं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. त्यांनी घास घेतला. "नारळाची गोडी उतरलीय छान. कोकम अंमळ जास्त झालं," त्या म्हणाल्या. आणि खरंच जास्त झालं होतं.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आजवर त्यांना लागली ती मेलेल्यांच्या हातची चव. आज माझ्या हातची लागत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनात काय आलं ते त्यांना कळलं.

"घाबरू नको गो. तुझं काय नाय," त्या म्हणाल्या. "मलाच आता सगळंच लागायला लागलंय. पाणीसुद्धा."

त्यांनी तीनदा बिरडं मागून घेतलं. निघताना मी हायवेपर्यंत सोबत येते म्हणाले, तर नको म्हणाल्या. "भांडलीस ते बरोबरच होतं तुझं," एवढं बोलून पायडल मारलं. मी अडवायला हवं होतं, डॉक्टरकडे न्यायला हवं होतं... पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या दारातून निघून गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी आजच लिहितेय.

तेरावं झाल्यावर पेणला त्यांच्या घरी गेले. शेवटचे पंधरा दिवस त्या रोज नवं काहीतरी रांधून शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावत होत्या, यजमान सांगत होते. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर पोह्याचे पापडही घातले. निघताना यजमानांनी त्या पापडांचा एक डबा माझ्या हातात दिला. वर ताईंच्या अक्षरात माझं नाव होतं. आठ दिवस डबा ओट्यावर पडून होता. माझ्या वडिलांनी दोन पापड भाजून खाल्ले, "मीठ अगदी बरोबर पडलंय," म्हणाले. माझं काही धाडस होईना; ताईंसारखं मलाही त्यात भलतंच काही लागलं तर? काल शाळेतून आले आणि हात-पायही न धुता एक भाजला, मोडून तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून थांबले.

हिंग, जिरं, थोडा पापडखार. पापडाला पापडाचीच चव होती.

हायसं वाटलं... आणि मग ओट्याला धरून मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा रडले.