चुन्याचं जहाज

कमांडर साहेब जहाजावर चढले तेव्हा त्यांच्या हातात तीन पुडांचा डबा होता. उतरले तेव्हा हात रिकामे होते. हे माझ्या बाराही गार्डांनी पाहिलं, मीही पाहिलं, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

उलट हवालदार दुबे मोठ्या उत्साहाने पुढे झाला. साहेबांची टोपी उतरवली, कॉलर चाचपली, खिसे उलटे केले, बूट काढायला लावले, मोजेसुद्धा झटकले. मग माझ्याकडे वळून खणखणीत सॅल्यूट. "साहब, तलाशी पूरी. कुछ नहीं निकला!"

मी कौतुकाने मान हलवली. तेवढ्यात जहाजाच्या पोटात गजराचं घड्याळ वाजायला लागलं.

जहाज म्हणजे काय, तर फॅक्टरीच्या फुटबॉल मैदानावर मी चुन्याने आखलेला लांबट आकार. मध्ये रिकाम्या खोक्यांची रास, तो माल. कडेला टेकवलेली फळी म्हणजे गँगवे, धक्क्यावरून जहाजावर चढायची वाट. पुढचं टोक मी छान निमुळतं काढलं होतं. प्लॅनपेक्षा जास्त मेहनत त्या टोकावर घेतली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एकाहत्तरचं साल. लढाई होणार असं सगळेच धरून चालले होते. आमच्या फॅक्टरीतले तोफांचे सुटे भाग रेल्वेने बंदरावर जायचे होते आणि तिथून जहाजाने पुढे. माल जहाजात चढेपर्यंत पहारा आमचा. पण बंदरवाल्यांची अट होती : गार्ड बंदराच्या ड्यूटीसाठी ट्रेन झालेले हवेत आणि सोबत लेखी सिक्युरिटी प्लॅन हवा. आमचे सिक्युरिटी ऑफिसर मेजर साहेब. त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, "समंदर के बारे में कौन जानता है?" मी हात वर केला.

मी समुद्र पाहिला नव्हता. पण अकरा वर्षं गेटवरच्या टोकन खिडकीत बसून कामगारांचे पितळी बिल्ले देत-घेत होतो. त्या खिडकीतून सुटायला मी चंद्राबद्दलही हात वर केला असता.

"काहून हात वर केला तुम्ही?" घरी सुमतीने, म्हणजे बायकोने, विचारलं. "भेडाघाटला नावेत डोळे मिटून बसता, अन् जहाजाचा बंदोबस्त करून राहिले!" मग जरा थांबून म्हणाली, "जातच असाल तर एक शंख आणा."

परीक्षा घ्यायला बंदराहून आले ते हे कमांडर साहेब. नेव्हीतून रिटायर झालेले, रत्नागिरीकडचे, आवाज मऊ. ते नापास म्हणाले की ड्यूटी दुसऱ्या फॅक्टरीच्या तुकडीला जाणार आणि मी परत खिडकीत.

घड्याळ वाजायचं थांबलं. साहेबांनी शांतपणे बुटाची नाडी बांधली.

"प्लॅन कोणी लिहिला?"

"मी, सर."

"उत्तम आहे. तुमच्या जहाजावरून कोणी चमचासुद्धा चोरू शकणार नाही." दुसरी नाडी बांधून झाल्यावर म्हणाले, "फक्त जहाज बुडालेलं असेल."

"पण सर, आत कोणी काही घेऊन कशाला जाईल?"

हे मी खरोखर विचारलं. मेजर साहेबांनी डोळ्यांवर हात ठेवला.

माझी बाजूही ऐका. आमच्या फॅक्टरीत बारूद नव्हती. होतं ते लोखंड आणि पितळ, आणि भीती एकच, की ते बाहेर जाईल. त्यामुळे सकाळी आत येणाऱ्याला कोणी बघायचं नाही. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्याची भाजीसुद्धा चमच्याने ढवळायचे, पितळेचा तुकडा निघतो का म्हणून. मी गेटच्या जुन्या ऑर्डरी समोर ठेवल्या, 'गेट' खोडून सगळीकडे 'गँगवे' लिहिलं. प्लॅन तयार.

"माल चोरीला गेला तर एक खोकं जातं," कमांडर म्हणाले. "आत एक डबा गेला तर जहाज जातं, धक्का जातो. उद्या नऊला परत बघतो. नंतर नाही."

दुपारभर मी बारा जणांना घेऊन चिंचेखाली बसलो. प्लॅन उलटा केला. जो चढेल तो सगळं दाखवून चढेल. जे घेऊन चढला ते घेऊनच उतरेल. गार्ड वहीत लिहील, काय गेलं आणि काय आलं.

दुबेचा चेहरा पडला. "साहब, अंदर जानेवाले को रोकें? बीस साल में कभी नहीं रोका. बुरा मान जाएगा."

"मानू दे."

"और अफसर हो तो?"

"अफसर असेल तर दोनदा बघ."

हे मी आपलं जोशात म्हणून गेलो.

सकाळी कमांडर साहेब बगलेत जाडजूड रजिस्टर घेऊन आले. दुबेने ते उघडलं. आत पानं कापून खळगा केलेला, त्यात तेच घड्याळ. मी श्वास सोडला. तेवढ्यात मेजर साहेब आपल्या नेहमीच्या झपाट्यात फळीवर चढले. दुबेने काठी आडवी धरली.

"पास?"

"दुबे, मुझे नहीं पहचानते?"

"पहचानते हैं साहब. इसीलिए दो बार देखेंगे."

पानाची डबी निघाली, कंगवा निघाला, शेवटी माचिस. "माचिस बाहर रहेगी," दुबे म्हणाला. कमांडर साहेब खोक्यावर बसून हसत होते. हसता हसता त्यांनी कागदावर सही केली. मेजर साहेब हसले नाहीत.

बंदरावर आमच्या ड्यूटीत काहीही घडलं नाही. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात, आणि त्यावर सांगण्यासारखं काही नसतं. शेवटच्या दिवशी मी शंख विकत घेतला. दुबेने आणि मी गुडघाभर पाण्यात उभं राहून सात शिंपले वेचले.

जबलपूरला परतल्यावर ऑफिसात मिरवायला म्हणून मी शंख आणि शिंपले एका दिवसासाठी सुमतीकडून मागून नेले. सकाळी गेटवर अर्थातच कोणी पिशवीकडे पाहिलं नाही. संध्याकाळी दुबे ड्यूटीवर होता. त्याने पिशवी उघडली आणि काठी आडवी धरली.

"मटेरियल पास?"

"अरे दुबे, तूच वेचलेस ना माझ्याबरोबर!"

"बीने थे साहब. पर अंदर आते किसी ने लिखा नहीं. बाहर कैसे जाने दें?"

माल बाहेर न्यायच्या पाससाठी मी अर्ज लिहिला : शंख एक, शिंपले सात, मालकी पत्नीची. मेजर साहेबांनी तो दोनदा वाचला. खिशावरून हात फिरवला, जणू माचिस जागेवर आहे का बघत होते. "कल आइए," म्हणाले.

सही तिसऱ्या दिवशी मिळाली. तोवर घरी मला जे ऐकावं लागलं ते कोणत्याच वहीत नोंदलेलं नाही. पहारा शिकवायला उभे राहाल तेव्हा आधी आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. आणि बायकोचा शंख ऑफिसात नेऊ नका.